तालयंत्र उघडून पाहणारी माणसं

गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी. हणजुणे, वागातोर, शापोरा या पट्ट्यात १९८० च्या दशकात परदेशी हिप्पी मंडळींच्या रात्रीच्या पार्ट्यांमधून एक संगीत तयार होत गेलं. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल (तो २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेला) आणि फ्रेंच डीजे लॉरां ही त्यातली दोन ठळक नावं. युरोप-अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांमधला शब्दांचा भाग कापून नुसता ठेका आणि यंत्रांचे आवाज कॅसेटवर जोडायचे आणि ते रात्रभर वाजवायचे. पुढे १९९० च्या दशकात याचंच नाव जगभर 'गोवा ट्रान्स' झालं. आपल्या राज्याचं नाव एका संगीतप्रकाराला मिळालं आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्या संगीताबद्दल एवढंच माहीत, की त्याच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची! २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहाची मर्यादा घातली गेली. तक्रारींचे ते कागद वाचताना मला मात्र नेहमी दुसराच प्रश्न पडायचा. हा जो 'धप्प धप्प' आवाज आहे, तो कोण करतं? ढोल नाही, ताशा नाही, घुमट तर नाहीच. मग कातडं कुठलं आणि काठी कुठली?

उत्तर असं, की कातडंही नाही आणि काठीही नाही. एक डबा आहे. जपानात बनलेला.

मी कला शाखेचा माणूस. इतिहास घेऊन बी.ए. केलं, भौतिकशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटला. तरी या डब्यांच्या इतिहासात शिरलो आणि अडकलो. कारण तो इतिहास नुसता यंत्रं बनवणाऱ्यांचा नाही. तो विकत आणलेलं यंत्र घरी नेऊन स्क्रूड्रायव्हरने उघडणाऱ्यांचा, त्यात लुडबुड करणाऱ्यांचा जास्त आहे, आणि ही दुसरी जमात मला अधिक आवडते.

सुरुवात ऑर्गनपासून होते. अमेरिकेत आणि जपानात ऑर्गन वाजवणाऱ्या एकट्या माणसाला ठेक्याची साथ हवी होती. १९५९ साली वुर्लिट्झर कंपनीने 'साइडमॅन' नावाचं लाकडी कपाटाएवढं यंत्र काढलं. आत एक चकती फिरायची आणि तिच्यावरच्या संपर्कबिंदूंनी व्हॉल्व्हमधून आवाज निघायचे. १९६३ मध्ये जपानच्या केइओ कंपनीने, म्हणजे आजच्या कॉर्गने, 'डोंकामॅटिक' आणलं. मग इकुतारो काकेहाशी या गृहस्थांच्या 'एस टोन' कंपनीने १९६७ मध्ये 'ऱ्हिदम एस एफआर-१' काढलं. त्यात सोळा तयार ठेके होते. वॉल्ट्झ, रुम्बा, बोसानोव्हा, असे. बटण दाबा, ठेका सुरू. पसंत नसेल तर दुसरं बटण दाबा. तुमचा स्वतःचा ठेका? त्याची सोय नाही. डायोडच्या जाळीमध्ये कुठला ठोका कधी पडणार हे कारखान्यातच झाळून टाकलेलं. आमच्या कार्यालयातल्या छापील फॉर्मसारखं: रकाने ठरलेले, तुम्ही फक्त टिक करायची.

आणि फॉर्म आला की समासात लिहिणारेही येतातच.

डॉन लुईस हा अमेरिकन कलाकार असाच समासात लिहिणारा. हॅमंड ऑर्गनची प्रात्यक्षिकं दाखवत तो फिरायचा. त्याच्याकडे एस टोनचं तालयंत्र होतं, पण ते त्याने उघडून तारा बदलल्या होत्या. स्वतःचे ठेके वाजतील अशी सोय केली होती, आणि यंत्राचा आवाज ऑर्गनच्या पायाखालच्या पेडलमधून फिरवून ठोक्यांना जोर-हलकेपणा दिला होता. वाद्यविक्रेत्यांच्या एका मेळ्यात काकेहाशींनी ते ऐकलं. यंत्र तर आपलंच दिसतंय, पण आपलं यंत्र असं वाजत नाही! त्यांनी चौकशी केली. आता एखाद्या कारखानदाराने काय केलं असतं? वॉरंटी रद्द झाल्याचं पत्र पाठवलं असतं. काकेहाशींनी त्या माणसाशी मैत्री केली. १९७२ मध्ये त्यांनी ओसाकात रोलँड कंपनी काढली, आणि पुढे टीआर-८०८ हे यंत्र घडत होतं तेव्हा डॉन लुईस त्या कामात होता. म्हणजे जगातलं सर्वांत नामांकित तालयंत्र घडलं त्यात एका 'छेडछाड' करणाऱ्याचा हात आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

लुईसनेच सांगितलेला आणखी एक किस्सा. मुख्य अभियंता तादाओ किकुमोतो यांच्या टेबलावर ८०८ चं कच्चं मंडल मांडलेलं होतं. धक्का लागून त्यावर चहा सांडला. चालू करून पाहतात तर 'प्श्श्श' असा अजब आवाज! तो आवाज पुन्हा मुद्दाम काढायला त्या लोकांना काही महिने लागले, आणि तोच ८०८ चा झांजेचा आवाज झाला. चहा सांडून कागद खराब झालेले मी खूप पाहिले आहेत. त्यातून काही चांगलं निघाल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

दरम्यान युरोपात वेगळीच उलथापालथ चालली होती. जर्मनीतल्या क्राफ्टवर्क या मंडळींनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फार्फिसा आणि व्हॉक्स कंपन्यांच्या तयार ठेक्यांच्या पेट्या घेतल्या. त्यांचे ठेके त्यांना नको होते, आवाज हवे होते. मग पेटी उघडून प्रत्येक आवाजाची तार बाहेर काढली, ती धातूच्या छोट्या गोल तबकड्यांना जोडली, आणि धातूच्या काडीने तबकडीला स्पर्श केला की मंडल पुरं होऊन ठोका वाजेल अशी युक्ती केली. म्हणजे माणसाची जागा घ्यायला आलेलं यंत्र उघडून त्यात माणसाचा हात परत घातला! या रचनेचं पेटंट राल्फ हुटर आणि फ्लोरिअन श्नायडर यांच्या नावावर झालं. ती प्रत्यक्ष बांधली कोणी, यावरून त्यांचा जुना सहकारी वोल्फगांग फ्लूर याच्याशी पुढे वाद झाला. झाळणारा एक आणि सही करणारा दुसरा, हे तिथेही आहे.

फ्रान्सच्या जाँ-मिशेल जारने तर यंत्र उघडलंसुद्धा नाही. १९७६ च्या 'ऑक्सिजेन'साठी त्याने कॉर्गच्या मिनी पॉप्स-७ वर दोन ठेक्यांची बटणं एकाच वेळी दाबून ठेवायला चिकटपट्टी लावली. दोन ठेके एकात मिसळून तिसराच निघाला. बदल करायला झाळणीच लागते असं नाही.

आता ८०८ कडे येऊ. १९८० साली आलं, १९८३ मध्ये बंद झालं, एकूण सुमारे १२,००० नग. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन याचं एलएम-१ आलं होतं. त्यात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज होते आणि किंमत जवळपास ५,००० डॉलर. ८०८ ची किंमत १,१९५ डॉलर. त्यात मुद्रित केलेलं काही नव्हतं, सगळे आवाज जागच्या जागी विजेतून घडवलेले. त्यामुळे ते खऱ्या ड्रमसारखं वाजेना आणि लोकांनी नाकं मुरडली. मग ते जुन्या बाजारात स्वस्तात गेलं, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते अशा कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती पडलं. न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट, मायामी... तिथून पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

पण ते वाजतं कसं? हे समजल्याशिवाय लोक त्यात काय बदल करतात ते कळणार नाही, म्हणून माझ्या कुवतीप्रमाणे सांगतो. झोपाळा डोळ्यांसमोर आणा. एकदा धक्का दिला की तो काही वेळ झुलतो आणि थांबतो. ८०८ च्या बास ड्रमचं मंडल म्हणजे विजेचा असाच झोपाळा. काही रोध (रेझिस्टर) आणि धारित्र (कपॅसिटर) अशा जुळणीत बसवलेले असतात, की त्यांना विजेचा छोटा धक्का दिला की ते सेकंदाला पन्नासेक वेळा झुलतात आणि हळूहळू शांत होतात. तेच आपल्याला 'धुम्म' म्हणून ऐकू येतं. झोपाळ्याची दोरी लांब केली तर झोका संथ होतो, तसा रोध बदलला की स्वर खाली-वर होतो. आणि थांबत आलेल्या झोपाळ्याला प्रत्येक फेरीत बोटभर ढकलत राहिलं तर तो जास्त वेळ झुलतो. तसं मंडलातलं उलट पोचवणं वाढवलं की नाद लांबतो. जरा अति झालं तर झोपाळा थांबतच नाही, सलग गुणगुणत राहतो. बदल करणारी मंडळी नेमकी त्या काठावर उभी राहतात. कंपनीने बटणाला जिथे कुंपण घातलं आहे, त्याच्या दोन पावलं पलीकडे.

हाय-हॅटचा म्हणजे झांजेचा प्रकार आणखी मजेदार आहे. धातूचा नाद गोंधळाचा असतो, एका स्वराचा नसतो. म्हणून यंत्रात एकमेकांशी काही मेळ नसलेले सहा स्वर एकाच वेळी वाजवतात आणि त्यांचा कल्ला चाळणीतून गाळून वरचा तेवढा चुरचुराट घेतात. ८०८ मधली ती प्रसिद्ध गायीची घंटा या सहांपैकी दोन स्वरांची आहे, साधारण ५४० आणि ८०० हर्ट्झ. सहांचे रोध बदलले, की झांज पितळेची होते, पत्र्याची होते, कधी तर मोडक्या टेबलफॅनची होते.

रोलँडचा एक मोठेपणा सांगितला पाहिजे. त्यांच्या प्रत्येक यंत्राच्या 'सर्व्हिस नोट्स' असायच्या आणि त्यांत पूर्ण नकाशा छापलेला असायचा: कुठला भाग कुठे, किती मूल्याचा. दुरुस्तीवाल्यांसाठी छापलेल्या या वह्यांच्या झेरॉक्स फिरल्या आणि बदल करणाऱ्यांचं ते पाठ्यपुस्तक झालं. याउलट 'सर्किट बेंडिंग' नावाचा दुसरा पंथ आहे, सिनसिनाटीच्या रीड घझालाचा. १९६० च्या दशकात टेबलाच्या खणात पडलेल्या एका छोट्या अँप्लिफायरचा धातूला स्पर्श होऊन आपोआप आवाज निघू लागले, त्यावरून त्याने हा मार्ग धरला, आणि १९९२ मध्ये त्याला नाव दिलं. त्यात नकाशा पाहायचाच नाही. बोट ठेवायचं, तार टेकवायची आणि काय होतं ते ऐकायचं. हे फक्त सेलवर चालणाऱ्या खेळण्यांशी करायचं, विजेच्या सॉकेटला जोडलेल्या वस्तूशी कधीही नाही. जुनी जपानी यंत्रं १०० व्होल्टची असतात, आपल्याकडे २३०. तरुण वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

१९८१ च्या सुमारास आलेलं टीआर-६०६ हे या बदल करणाऱ्यांचं खास लाडकं. चांदीच्या रंगाचं, वहीएवढं, सात आवाजांचं यंत्र. टीबी-३०३ नावाच्या जुळ्या भावाबरोबर ते विकलं जायचं, की गिटारवाल्याला एकट्याने सराव करता यावा. दोन्ही बाजारात आपटली, १९८४ पर्यंत बंद झाली आणि कवडीमोलाने गेली. स्वस्त वस्तू उघडायला हात थरथरत नाही. त्यात सातही आवाज एकत्र मिसळून एकाच भोकातून बाहेर येतात. म्हणून पहिला बदल म्हणजे प्रत्येक आवाजाला वेगळी वाट. दुसरा, बास ड्रमचा स्वर आणि लांबी. तिसरा, झांजेचा स्वर. मग १९८३ मध्ये एमआयडीआय, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची सामायिक भाषा आली, आणि तिच्या आधी जन्मलेल्या या यंत्रांना ती भाषा शिकवायच्या पट्ट्याही लोकांनी बनवल्या.

यात मराठी वाचकाने दचकावं असं मला काही दिसत नाही. आपली पेटी घ्या. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबॅं याने १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते पायाने भाता मारायचं वाद्य होतं. आपल्या संगीत नाटकांत पायपेटी म्हणून ते दीर्घकाळ वाजलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे पाय काढले, भाता मागे आणला आणि जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या मांडीपुढे ठेवलं. ही वाद्यातली छेडछाड नाही तर काय? तरीही त्यातून मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं. अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली. शंभर-दीडशे वर्षं आपण एक फ्रेंच यंत्र उघडतोच आहोत.

याच ८०८ आणि ३०३ ची मुंबईतली गोष्ट तर आता जगाला माहीत झाली आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी सिंगापूरहून ही यंत्रं आणली आणि १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. यमन, मालकंस, मेघ मल्हार, कलावती, खाली ८०८ चा एकसुरी ठोका. तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही. २०१० मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा काढली आणि युरोपातल्या लोकांनी तोंडात बोट घातलं, कारण शिकागोत 'ॲसिड हाऊस' जन्मायच्या काही वर्षं आधी तोच आवाज मुंबईत वाजून गेला होता. सिंग २०१५ मध्ये वारले. त्यांनी यंत्र उघडलं नव्हतं, पण सराव करणाऱ्या गिटारवाल्यासाठी केलेल्या ३०३ कडून तोडी वाजवून घेणं हाही मोठाच बदल म्हणायचा. ८०८ ला सोळा घरं, तीनतालाला सोळा मात्रा. हा योगायोग त्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिला नसेल!

इथवर कौतुक झालं. पण गोमंतकीयाने हा इतिहास लिहिताना एक गोष्ट टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद बराचसा आमच्या माणसांनी उभा केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे चिक चॉकलेट, सबॅस्टियन डिसोझा ही फक्त वरची नावं. खाली शेकडो व्हायोलिनवाले, ट्रम्पेटवाले, ड्रमवाले. १९९० च्या दशकात एका कीबोर्डवाल्याने आणि एका संगणकाने त्यांच्या खुर्च्या रिकाम्या केल्या. ही धास्ती सगळीकडेच होती. १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या वादक संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि तालयंत्रांवर बंदीचा ठराव केला होता. खुद्द डॉन लुईसच्या कार्यक्रमाबाहेर १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत वादक संघटनेने निदर्शनं केली आणि त्याचं काम गेलं. त्याने यंत्रं माणसाच्या हाताखाली आणली होती, तरी बोल त्यालाच. २०२२ मध्ये तो वारला.

आमच्या शेजारचे अंकल त्या खालच्या शेकड्यांतले. ऐन उमेदीत काही वर्षं मुंबईत ड्रम वाजवले, मग मडगावकडच्या एका डान्स बँडमध्ये. त्यांचा थोरला भाऊ तारवटी. १९८३ साली त्याने जपानच्या बंदरातून एक टीआर-६०६ आणलं. मी शाळेत असताना नाताळात अंकल ते टेबलावर ठेवायचे आणि त्याच्या ठेक्यावर काड्यांनी खुर्चीची पाठ वाजवायचे; आम्हा पोरांना ती जादू वाटायची. पुढे लग्नांत बँडऐवजी कीबोर्डवाला एकटा येऊ लागला. अंकलचे ड्रम विकले गेले. ज्या जातीच्या डब्याने त्यांचं काम नेलं, तो डबा मात्र कपाटात राहिला. त्यांनी कधी त्याच्यावर राग काढला नाही, आणि मी कधी त्यांना विचारलं नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या नातवाने, तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला आहे, ते बाहेर काढलं. सेल ओघळून आत हिरवट बुरशी. ६०६ मध्ये ठेक्यांची आठवण त्या सेलवरच टिकते, त्यामुळे अंकलनी कधीकाळी भरलेले ठेके केव्हाच पुसले गेले होते. नातवाने साफसफाई केली, संपर्क बदलले आणि ते वाजलं. मग म्हणाला, आता मागे सात भोकं पाडतो, प्रत्येक आवाज वेगळा काढतो, आणि झांजेला एक नवं बटण.

मी हरकत घेतली. माझं म्हणणं सरळ होतं. ही यंत्रं आता पुन्हा होणार नाहीत. नकला झाल्या आहेत: रोलँडने स्वतः छोटी डिजिटल यंत्रं काढली, बेहरिंगरने २०१९ मध्ये ८०८ ची ॲनालॉग नक्कल आणली, नंतर ६०६ चीही. भोकं पाडायची तर त्यांना पाडावीत. ८०८ मधल्या चुरचुराटाचं मूळ तर असं, की काकेहाशींनी दुसऱ्या कारखान्याने सदोष म्हणून बाजूला टाकलेले ट्रान्झिस्टर त्यासाठी घेतले होते. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याचं तंत्र इतकं सुधारलं, की तसे सदोष मिळेनात, आणि यंत्रच बंद करावं लागलं. हे त्यांनीच २०१५ च्या एका माहितीपटात सांगितलं आहे. चांगल्या मालामुळे बंद पडलेलं हे एकमेव वाद्य असावं. अशा वस्तूत एक भाग काढून फेकला, की तो परत येत नाही.

आपल्या घुमटाचं असंच झालं ना? घोरपडीचं कातडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर चालेना, म्हणून बकऱ्याचं आलं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून अधिसूचित केलं तेव्हा ते बदललेलंच वाद्य होतं. जुने वाजवणारे अजून म्हणतात, नाद तो नव्हे. पण चवथीची आरती थांबली नाही. हे उदाहरण मी माझ्या बाजूने द्यायला गेलो आणि बोलता बोलता ते नातवाच्या बाजूला जाऊन बसलं.

अंकल शेवटी एवढंच बोलले, "कपाटांत दवरून कितें करचें? वाजूंक जाय."

वाद संपला. पण मी कारकून आहे, एक अट घातलीच. फाइलीतलं पान काढलं तर त्या जागी शेरा मारून ठेवायचा असतो: काय काढलं, कधी, कोणी, कशासाठी. तसा इथेही ठेवा. काढलेला प्रत्येक भाग एका पाकिटात घालून डब्याच्या आतच चिकटवा, नकाशाच्या प्रतीवर लाल शाईने खूण करा. पुढे कोणाला मूळ रूप हवं झालं तर त्याला वाट सापडली पाहिजे. माझ्या मते जुन्या यंत्रात बदल करणाऱ्यांसाठी एवढा एकच नियम पुरे आहे. ज्यांनी तो पाळला नाही त्यांच्या हातची यंत्रं दुरुस्तीला येतात तेव्हा कारागीर कपाळाला हात लावतात.

नातवाने ऐकलं. मोठ्या सॉकेटला जागा नव्हती म्हणून हेडफोनची असतात तशी बारीक भोकं पाडली, सात. पाकिटात चार-पाच रोध, आणि तारखेचा कागद अंकलच्या अक्षरात. त्या संध्याकाळी यंत्र बारा घरांवर लावून अंकलनी त्यात दुलपदाचा ठेका भरला. ते सहा-आठचं वजन असल्यामुळे सोळा घरांत बसत नाही. मी आग्रह करून नंतर एक भजनी ठेकाही भरायला लावला, आठ मात्रा नीट बसल्या. मग अंकल बराच वेळ झांजेचं ते नवं बटण फिरवत बसले. ऐकायचे, थोडं मागे न्यायचे, पुन्हा ऐकायचे. त्यांना स्वतःच्या विकलेल्या जोडीतली डावीकडची झांज हवी होती. जवळपास आली, म्हणाले, पण पुरती नाही. बटणाखाली काय लिहायचं ते नातवाने विचारलं होतं. तिथे अजून काही लिहिलेलं नाही.